सायकलच्या ट्यूबला तेल लागतं तेव्हा: नव्याने सायकल सांभाळणाऱ्यांसाठी

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं तेव्हाची गोष्ट. चोपड्याहून पाच लिटरचा कॅन भरून आणायचा, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने आवळायचा आणि मळ्यात पोचवायचा, हे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे होतं. कॅनच्या झाकणातला वायसर झिजला होता. सायकल खड्ड्यात आपटली की दोन-चार थेंब निसटायचे आणि कॅरिअरच्या सळईवरून ओघळत मागच्या चाकावर जायचे. कपड्यांना डिझेलचा वास येतो, एवढीच आईची तक्रार होती. चाकाचा विचार कुणाच्या मनातही आला नाही.

मग एका पंधरवड्यात मागचं चाक तीनदा बसलं. काटा नाही, खिळा नाही, काच नाही. दोनदा चकती लावून घेतली, दोन्ही वेळा ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेने सुटली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानातल्या काकांनी पूर्ण ट्यूब बाहेर काढली, फळीवर सरळ अंथरली आणि शेजारी त्याच मापाची नवी ट्यूब ठेवली. माझी ट्यूब चार बोटं लांब भरली. रुंदीलाही जास्त, हाताला मऊ, चिकट. टायरात मावत नसल्यामुळे एका जागी तिला घडी पडली होती आणि त्या घडीवरच ती फाटत होती. काका म्हणाले, "भाऊ, ट्यूबले तेल लागनं का ती फुगस, मंग चकती धरत नही."

पुढे सायकली दुरुस्त करायची आवड लागली आणि काकांचं ते वाक्य रोज खरं ठरताना पाहिलं. आता शाळेत जायला सायकल मिळालेल्या मुली, सकाळी फिरायला म्हणून नवी सायकल घेतलेले शिक्षक, बँकेतली माणसं चाक घेऊन येतात. सगळे सायकलवर जीव लावून असतात, तेलही भरपूर घालतात, आणि त्यातलंच तेल ट्यूबचा घात करतं. म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

रबर तेल पितं म्हणजे काय होतं

हल्लीच्या सायकलींची ट्यूब बहुतेक वेळा ब्युटाइल रबराची असते. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचं टायर बनवलं ते नैसर्गिक रबराचं. ब्युटाइल आलं १९३७ साली, अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑईल कंपनीत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांच्या हातून. त्याचा मोठा गुण असा की नैसर्गिक रबराच्या मानाने त्यातून हवा सुमारे आठ ते दहा पट कमी झिरपते. एकदा हवा भरली की काही आठवडे बघावं लागत नाही ते त्यामुळे.

पण हे ब्युटाइल जन्मतं खनिज तेलातून निघणाऱ्या वायूपासून. म्हणजे डिझेल, इंजिन ऑईल, ग्रीस आणि ट्यूब ही सगळी एकाच गोत्रातली. लग्नाच्या बाबतीत सगोत्र चालत नाही म्हणतात, रसायनात मात्र सगोत्र पदार्थच एकमेकांत शिरतात. पाण्यात तेल मिसळत नाही आणि ऑईलमध्ये डिझेल सहज मिसळतं, त्याचं कारण हेच.

रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. हे धागे गंधकाच्या गाठींनी जागोजाग बांधलेले असतात. रबर गंधकासोबत तापवून त्याला असं टिकाऊ करण्याचा शोध चार्ल्स गुडइयरला १८३९ साली लागला. तेल या धाग्यांच्या मधे घुसतं आणि त्यांना दूर ढकलतं. बाजेच्या विणीत बोटं घालून सुतळ्या फाकवाव्यात तसं. गाठी आहेत म्हणून रबर विरघळून जात नाही, पण वीण सैल होते. ट्यूब लांबीला वाढते, रुंदीला वाढते, मऊ पडते, ताणली की पूर्वीसारखी झटकन मागे येत नाही. आणि ट्यूबची भिंत असते जेमतेम एक मिलिमीटर जाड. तेलाला लांब जावं लागतच नाही.

हे एका दिवसात होत नाही, म्हणून ते फसवं आहे. बोटाला लागलेल्या ऑईलचा डाग ट्यूबवर पडला आणि तासाभरात पुसला, तर काही बिघडत नाही. तोच डाग टायरच्या आत बंद होऊन दोन महिने राहिला तर बिघडतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या सायकलीचं टायर त्याहून तापतं. गरम रबरात तेल जास्त वेगाने शिरतं. हिवाळ्यात जे नुकसान व्हायला बरेच महिने लागतील ते उन्हाळ्यात लवकर उरकतं.

सगळी तेलं सारखी नाहीत

पेट्रोल फार लवकर आत शिरतं आणि तितक्याच लवकर उडून जातं. पंक्चरच्या सोल्यूशनमध्येही अशाच जातीचा पातळ द्रव असतो. तो ट्यूबला क्षणभर फुगवतो, रबराला वाट करून देतो आणि हवेत जातो. नवशिके मला विचारतात, सोल्यूशन चालतं मग ऑईल का चालत नाही? फरक इतकाच की पहिलं पाहुणं आहे, दुसरं मुक्कामाला येतं.

डिझेल आणि रॉकेल हे पेट्रोल आणि ऑईल या दोघांच्या मधे बसतात. शिरतात भराभर, निघतात सावकाश. निघून गेले तरी जाताना रबरात कारखान्याने मुरवलेली मऊपणाची द्रव्यं थोडीफार सोबत ओढून नेतात, त्यामुळे अशी ट्यूब नंतर कडक आणि निर्जीव होते. इंजिन ऑईल, ग्रीस आणि व्हॅसलिन हे हळूहळू शिरतात आणि परत निघत नाहीत. माझ्या मते सगळ्यात जास्त ट्यूब हेच मारतात, कारण घराघरात सायकलीसाठी हेच वापरतात.

केळीच्या पट्ट्यात, म्हणजे चोपडा, यावल, रावेर भागात, आणखी एक ऑईल सायकलीपर्यंत येतं. केळीवरच्या करपा रोगाच्या फवारणीत मिनरल ऑईल मिसळतात. फवारणीचा पंप कॅरिअरवर बांधून घरी आणला की त्याचं उरलेलं पाणी चाकावर गळतं. पाण्यासारखं दिसतं, पण त्यात खनिज तेल आहे हे लक्षात ठेवा.

खाद्यतेलाची गोष्ट वेगळी. आपला प्रदेश सरकी आणि शेंगदाण्याच्या तेलाचा. आज विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनीसुद्धा १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप-तेल बनवायला सुरू झाली. ही तेलं ब्युटाइलच्या गोत्रातली नाहीत, त्यामुळे ब्युटाइल ट्यूबला ती खनिज तेलाइतकी बाधत नाहीत. एरंडेल तर रबराला इतकं कमी लागतं की मोटारींच्या सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या द्रवात, नैसर्गिक रबराच्या वायसरांसोबत, एरंडेलच वापरत. पण म्हणून ट्यूबला गोडंतेल लावा असं मी सांगत नाही. स्वस्तातल्या ट्यूबमध्ये नैसर्गिक रबर असतं, त्याला बरीचशी खाद्यतेलं त्रास देतात. आणि चकतीला तर कोणतंही तेल चालत नाही.

साबण, पाणी, ग्लिसरीन, शंखजिऱ्याची पावडर यांपासून ट्यूबला धोका नाही. टायर रिमवर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. ऑईल किंवा व्हॅसलिनचं बोट फिरवू नका, टायर कितीही हट्टी असलं तरी.

घरी करून बघा

सांगण्यापेक्षा बघितलेलं पटतं. जुन्या, टाकून द्यायच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापा, दोन्ही बरोबर दहा सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद. बरणीच्या दोन झाकणांत ठेवा. एकीत थोडं डिझेल, दुसरीत पाणी. मुलांच्या हाताला लागणार नाही, चूल-गॅस जवळ नसेल अशा जागी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पट्टी कापडाने पुसून मोजपट्टीवर ठेवा. पाण्यातली तशीच असेल. डिझेलमधली लांब झालेली दिसेल, कडा किंचित वळलेल्या असतील, आणि दोन बोटांत धरून ओढली की ती कच खाते.

दुधाच्या पिशवीला लावतात तो साधा रबरबँड नैसर्गिक रबराचा असतो. तोही डिझेलमध्ये टाका. त्याचं काय होतं ते काही तासांतच दिसेल, आणि ब्युटाइल त्या मानाने किती तग धरतं तेही कळेल. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग आधी करायला लावतो, मगच हातात पाना देतो.

तेल ट्यूबपर्यंत पोचतं कसं

ट्यूब तर टायरच्या पोटात असते, मग तेल तिथे जातंच कसं? हा प्रश्न योग्य आहे, आणि यावर थांबून बघायला हवं, कारण सगळा बचाव याच वाटेवर करायचा आहे.

सायकल उलटी करून मागच्या चाकाचा मधला भाग बघा. जुन्या मोठ्या सायकलींच्या हबवर एक बारीक भोक असतं, त्यावर पत्र्याची छोटी टिकली. तिथून आत तेल सोडायची पद्धत होती. अनेक जण त्या भोकात तेलाच्या डब्याची चोच घालून भरपूर दाबतात. बेअरिंगला पाहिजेत चार थेंब. उरलेलं तेल हबच्या कडेने बाहेर येतं आणि स्पोकच्या मुळाशी साचतं. आता चाक फिरवा. फिरणाऱ्या चाकात तेल बाहेरच्या दिशेने ढकललं जातं. स्पोकवरून ते हळूहळू सरकत टोकाच्या निपलपर्यंत, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटापर्यंत, जातं. निपल रिमच्या भोकात बसलेलं असतं, आणि त्या भोकाच्या पलीकडे असते फक्त एक रिमपट्टी. तिच्यावर ट्यूब. एखादा स्पोक जवळून बघा, काळ्या धुळीची एक बारीक रेघ हबपासून रिमपर्यंत गेलेली दिसते. ती तेलाची पायवाट आहे. कापसाच्या काळ्या मातीची धूळ तेलावर बसते म्हणून ती डोळ्यांना दिसते तरी, हे आपलं भाग्यच.

फ्रीव्हीलचंही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचंही, तसंच. साखळीला तेल घालताना डबा फ्रीव्हीलवर ओतला की जादा तेल मागच्या बाजूने उतरतं आणि उजव्या अंगाचे स्पोक पकडतं.

दुसरी वाट जमिनीवरून. पाण्याच्या इंजिनाची खोली, ट्रॅक्टर उभा करायची जागा, मोटारसायकलच्या गॅरेजचं अंगण, इथे सांडलेल्या काळ्या ऑईलवर चाक उभं राहतं. टायरचं रबरही तेल पितं. थोडं कडेने रिमच्या फटीत जातं, थोडं टायरच्या कापडात मुरतं. वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना काळं ऑईल फासलेलं असतं, त्याला सायकल टेकवून ठेवायची सवय अनेकांना आहे. चाक टेकलं नसेल तरी हँडल, सीट आणि मग हात तेलकट होतात.

आणि तिसरी वाट हातांची. साखळी उतरली की ती बोटांनी चढवायची, त्याच बोटांनी पुढे ट्यूब हाताळायची. पंक्चर बघायचं घमेलंसुद्धा नीट बघा. बऱ्याच ठिकाणी पाणी दिवसभर तेच असतं, त्यात साखळीची बोटं बुडतात. उन्हात धरलं तर पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा तरंगताना दिसतो. ट्यूब त्या पाण्यातून वर काढली की तो पापुद्रा तिच्या अंगाला लागून बाहेर येतो. मी पाणी बदलायला लावतो, आणि तुम्हीही दुकानात नम्रपणे सांगायला हरकत नाही. कुणी रागावत नाही.

तेल लागलंय असं कळलं, तर

आधी घाई करून सायकल चालवू नका, विशेषतः रिमवर तेल दिसत असेल तर. ब्रेकचं रबर तेलकट रिमवर पकडत नाही. ट्यूब पुढच्या महिन्यात जाईल, ब्रेक मात्र पुढच्या वळणावर जातो. रिमच्या दोन्ही बाजू साबणाच्या पाण्याने धुवा, कोरड्या कापडाने पुसा. ब्रेकची रबरं काढून काचपेपरवर वरचा थर घासून टाका.

मग चाक सोडवा. हवा पूर्ण जाऊ द्या. टायर काढायला टायरपट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, त्याच्या टोकाने ट्यूबला नवीन भोक पडतं. ट्यूब बाहेर आली की तिला आणि टायरच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. टायर आतून तेलकट असेल आणि तुम्ही फक्त ट्यूब बदलली, तर नवी ट्यूबही त्याच तेलात बसणार.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि भांड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर. मऊ कापडाने पूर्ण लांबीवर, व्हॉल्व्हच्या बुडाशी जास्त काळजीने. दोनदा साबण, दोनदा स्वच्छ पाणी. पेट्रोलने धुऊ नका. पेट्रोल वरचं तेल पातळ करून उलट आत नेतं, आणि ते आगीचं काम आहे. वाळवणं सावलीत, दोरीवर, उन्हात नको.

रिमपट्टी तेलाने भिजली असेल तर ती टाकून द्या. नवी पट्टी काही महाग नसते. स्पोकच्या निपलांच्या खोबणीत कापडाचं टोक घालून तेल टिपून घ्या. टायर आतून साबणाने धुवून एक दिवस वाळवा.

ठेवायची की टाकायची

धुतलेल्या, वाळलेल्या ट्यूबमध्ये टायरबाहेरच थोडी हवा भरा, गोल आकार येईल इतकीच. चांगली ट्यूब सगळीकडे सारखी भरते. तेल प्यालेली ट्यूब एका जागी वांग्यासारखी फुगते. तो फुगवटा दिसला की ती ट्यूब गेली, त्यावर उपाय नाही. चकती लावून तो भाग पुन्हा घट्ट होत नाही.

फुगवटा नसेल तर दोन ठिकाणी चिमटीत धरून ताणा, एकदा तेल लागलेल्या जागी आणि एकदा कोरड्या जागी. दोन्ही सारख्याच चपळाईने मागे आल्या तर ट्यूब वापरा. तेलाची जागा सुस्त असेल, बोटाला चिकटत असेल किंवा दाबल्यावर ठसा राहत असेल तर टाका. मोठ्या सायकलीला २८ बाय दीडची ट्यूब लागते. त्या मापाची नवी ट्यूब शेजारी धरून लांबी बघितली, तर काकांसारखी खात्री एका नजरेत होते. डिझेलने फुगलेली ट्यूब काही दिवस वाऱ्यावर टांगली तर थोडी आखडते हे खरं, पण तिच्या भरवशावर शिरपूर-चोपडा रस्त्याला मी निघणार नाही.

तेल लागून गेलेल्या ट्यूबचं पंक्चर

आपल्याकडे पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्याचं. बांधावरच्या वाटेने जाणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. ट्यूब पूर्वी तेलकट झाली होती आणि आता धुवून चांगली आहे, तरी चकती लावताना नेहमीपेक्षा दुप्पट सावध राहावं लागतं.

सगळ्यात आधी हात साबणाने धुवा, नखांसकट. मग स्वच्छ पाण्यात बुडबुडे बघून भोक शोधा, बॉलपेनने त्याभोवती मोठी फुली मारा. फुली मोठी का? घासताना मधला भाग पुसला तरी टोकं उरतात, भोक हरवत नाही. ट्यूब कोरडी करा. काचपेपरने चकतीपेक्षा बोटभर जास्त जागा घासा. चकाकी पूर्ण जायला हवी, आणि ट्यूबवर साच्याची जी उभी रेघ असते ती सपाट व्हायला हवी, नाहीतर तिथून हवा वाट काढते. घासलेली भुकटी कोरड्या सुती कापडाने झटका. यापुढे त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाच्या त्वचेलाही तेल असतं, आणि केसांना तेल लावून आलेल्या माणसाच्या बोटाला तर हमखास.

सोल्यूशनचा पातळ थर लावा. पातळच. जाड थर म्हणजे जास्त पक्कं असं वाटतं, पण जाड थरातला द्रव आत अडकून राहतो आणि चकती त्यावर घसरते. मग थांबा. हेच बहुतेकांना जमत नाही. थराची ओली चमक जाऊन तो मंद दिसू लागला, म्हणजे द्रव उडाला. थंडीत पाच मिनिटं किंवा जास्त, मे महिन्याच्या दुपारी त्याहून कमी. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते. चकतीचा कागद किंवा पन्नी काढून ती मधून कडेकडे दाबत बसवा आणि पान्याच्या मागच्या बाजूने कडा घट्ट घासा.

चकती बसली की वर शंखजिऱ्याची पावडर चोळा, अंगाला लावायची पावडरही चालते. पावडरमुळे ट्यूब टायरला चिकटत नाही, आत सरकून नीट बसते, घडी पडत नाही. जुने लोक इथे थोडं खोबरेल लावायचे, ती सवय सोडा.

चकती लावून दोन-तीन दिवसांनी कडा उचलल्या गेल्या, तर दोष सोल्यूशनला देऊ नका. ट्यूबमधलं तेल परत वर येतं आहे, असा त्याचा अर्थ. तिथे दुसरी चकतीही टिकणार नाही.

व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये पितळेच्या नळीवर बारीक रबरी वॉलट्यूब चढवलेली असते. ती सहज चढत नाही म्हणून तिला तेलाचं बोट लावतात. ही वॉलट्यूब पातळ, नाजूक असते, तेलाने लगेच सैल पडते आणि हवा हळूहळू जाते. मग माणूस उगाच ट्यूबमध्ये भोक शोधत बसतो. पाण्याने किंवा थुंकीने ओली केली की ती चढते.

साखळीचं तेल साखळीपुरतं

तेल बंद करायचं नाही. सुकी साखळी दात खाते, कुरकुरते आणि तुटते. तेल जागच्या जागी द्यायचं एवढंच.

चाकावर आधी जुनं वर्तमानपत्र किंवा पोत्याचा तुकडा आडवा लावा, रिम आणि टायर झाकेल असा. साखळी कोरड्या कापडात पकडून पेडल मागे फिरवा, काळी माती निघून जाईल. मग प्रत्येक कडीच्या मधल्या गोल भागावर एक थेंब, खालच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने. सुई लावलेली इंजेक्शनची जुनी सिरिंज किंवा शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली यासाठी उत्तम. सगळ्या कड्या झाल्या की पेडल वीसेक वेळा मागे फिरवा आणि दहा मिनिटं सोडा. तेल आत जाईल. आता कोरडं कापड घेऊन बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. हे पुसणं लोकांना नासाडी वाटते. पण साखळीला तेल आत लागतं, बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं आणि चाकावर उडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याची धूळ बघा, आठवडाभरात त्या तेलाचा काळा चिखल होतो आणि तो चिखल साखळीला कानशीसारखा घासतो.

फ्रीव्हीलसाठी सायकल डाव्या अंगावर आडवी करा, म्हणजे फ्रीव्हील वर येईल. फिरणारा आणि न फिरणारा भाग यांच्या फटीत तीन-चार थेंब, पेडल मागे फिरवत. पाच मिनिटं तसंच ठेवा, पुसा, मग उभी करा. हबमध्ये पातळ तेल घालण्यापेक्षा वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, उघडून छऱ्यांना ग्रीस भरून घेतलेलं चांगलं. ग्रीस जागचं हलत नाही, स्पोक पकडत नाही.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं किंवा सायकलसाठी मिळणारं. स्वयंपाकाचं तेल साखळीत हवेने घट्ट, चिकट होत जातं. खोबरेल तर डिसेंबर-जानेवारीत धुळे-नंदुरबारकडच्या थंडीत गोठून बसतं, सकाळी पेडल जड लागतं ते त्यामुळेही असू शकतं.

डिझेलचा किंवा फवारणीचा कॅन न्यायची वेळ आलीच, तर झाकणाखाली नवा वायसर घाला, कॅन उभा बांधा आणि खाली जाड पोतं दुमडून ठेवा. घरी पोचल्यावर कॅरिअरच्या सळया आणि मागचं टायर कापडाने पुसा, दोन मिनिटांचं काम आहे.

राहिली सोबत ठेवायची सुटी ट्यूब. बरेच जण ती सीटखालच्या पिशवीत तेलाच्या बाटलीशेजारी, तेलकट कापडात गुंडाळून ठेवतात, आणि गरज पडते तेव्हा ती आधीच फुगलेली निघते. ट्यूबमधली हवा पूर्ण काढा, व्हॉल्व्हच्या धातूचं टोक रबराला टोचणार नाही अशी घडी घाला, पावडर चोळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. तेलाची बाटली आणि तेलकट कापड दुसऱ्या पिशवीत, सायकलच्या दुसऱ्या टोकाला. दर सहा महिन्यांनी ट्यूब बाहेर काढून घडी बदला, नाहीतर जुन्या घडीवर ती चिरते. मी घडी बदलण्यासाठी पोळा आणि होळी हे दोन दिवस धरले आहेत, म्हणजे विसरायला होत नाही.